दगडाखालचं वर्ष

सह्याद्रीतला ओढा निवांत पाहायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातला लाल लोंढा ओसरलेला असतो, पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उतरलेलं असतं आणि तळाचा गोटा न् गोटा दिसतो. असं पाणी पाहिलं की कुणीही म्हणतं, काय नितळ आहे! नितळ असतंच. पण ओढ्याची तब्येत त्यावरून कळत नाही. ती कळायला खळाळातला नारळाएवढा एक गोटा उचलून उलटा करावा लागतो.

गोट्याच्या ओल्या पोटावर आधी काहीच दिसत नाही. मग एक पिवळसर-तपकिरी ठिपका हलतो आणि उजेड चुकवत झरझर दुसऱ्या कडेला पळतो. पळताना तो दगडापासून तसूभरही वर उठत नाही, इतका चपटा. बाजूला फाकलेले सहा पाय, पुढे लांब मिशा, मागे दोन लांब शेपट्या. लांबी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, कधी पेरभर. हे स्टोनफ्लाय नावाच्या कीटकाचं पिल्लू, म्हणजे निम्फ.

चतुर, टाचणी, पाणनिवळी ही पाण्याकाठची नावं आपल्या तोंडी बसलेली आहेत. याचं मात्र वेगळं नाव सहसा कानावर येत नाही. त्यात नवल नाही, कारण हा प्राणी जवळजवळ सगळं आयुष्य दगडाखाली काढतो, चावत नाही, पिकाला लागत नाही, बाजारात येत नाही. शास्त्रात या गणाला प्लेकॉप्टेरा म्हणतात. हे नाव ग्रीक भाषेतलं आहे, अर्थ गुंफलेल्या किंवा घडी घातलेल्या पंखांचा. प्रौढ किड्याचे मागचे पंख पुढच्यांपेक्षा रुंद असतात आणि हातपंख्यासारखे मिटून पाठीवर सपाट बसतात, म्हणून. जगभरात या गणाच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक थंड पाण्यातल्या. काही तर हिवाळ्यात बर्फावर चालत जोडीदार शोधतात. अमेरिकेतल्या टाहो सरोवरातली एक जात प्रौढ झाल्यावरही पाण्याबाहेर येत नाही, साठ-सत्तर मीटर खोलीवरच तिचा संसार. आपल्याकडच्या ओढ्यांत भेटते ती बहुतेक वेळा पर्लिडी कुळातली निओपर्ला ही प्रजाती. आग्नेय आशियापासून आफ्रिकेपर्यंत पसरलेली, ऊन सोसणारी. थंडीच्या घराण्यातली ही एक शाखा उष्ण मुलखात कशी टिकली, हा प्रश्न मला त्या बर्फावरच्या भाऊबंदांपेक्षा जास्त रंजक वाटतो.

आधी ओळख. पहिली ठेच लागते ती शेपट्या मोजताना. मेफ्लाय हा पाण्यातच वाढणारा दुसरा एक कीटकगट. मेफ्लायला तीन शेपट्या आणि स्टोनफ्लायला दोन, असं पाठ केलेलं असतं. त्याच खळाळात एपिओरस नावाची मेफ्लाय राहते, तीही चपटी आणि तिलाही दोनच शेपट्या. शिवाय जाळीत शेपट्या तुटतात. तीनची दोन झालेली मेफ्लाय स्टोनफ्लाय म्हणून वहीत चढली की पुढचा सगळा हिशेब चुकला. म्हणून शेपटीवर विसंबू नये. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं आणि पायाचं टोक पाहावं. स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाला दोन नखं असतात, मेफ्लायला एकच. मग कल्ले पाहावेत. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना पानांच्या ओळीसारखे बसवलेले असतात. आपल्या पर्लिडच्या पोटाच्या कडा मात्र कोऱ्या असतात. भिंग जवळ नसेल तर पोहणं पाहावं. मेफ्लाय कंबर वर-खाली हलवत जाते, डॉल्फिनसारखी. स्टोनफ्लाय सापासारखी डावी-उजवीकडे वळवळते आणि तेही नाइलाजाने, कारण तिचा खरा भरवसा पायांवर.

कोऱ्या पोटाचं कोडं निम्फ पाठीवर उलटी केली की सुटतं. छातीला तीन खंड आणि प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी. त्या पायांच्या मुळाशी, काखेत म्हणावं तसे, पांढरट धाग्यांचे झुपके असतात. कापसाच्या वातीचं टोक पिंजलं तर दिसेल तसे. हेच तिचे कल्ले. काही निम्फांना शेपट्यांच्या बुडाशीही असा एक छोटा झुपका असतो. हे धागे पोटाखाली, दगडाच्या बाजूला असतात हे ध्यानात ठेवायचं. दगड आणि शरीर यांच्यामधल्या फटीतून जे पाणी वाहतं, त्यातूनच श्वास.

या श्वासाचं गणित निर्दय आहे. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहतो. पाणी २० अंशांवर गेलं की ९.१, २५ अंशांवर ८.३ आणि ३० अंशांवर ७.६. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून महाबळेश्वरच्या उंचीवर हेच आकडे आणखी १५ टक्क्यांच्या आसपास उतरतात. तिथलं पाणी गार असतं म्हणून निभावतं, एवढंच. इकडे पाणी तापलं की पुरवठा घटतो आणि तिकडे किड्याची गरज वाढते, कारण दहा अंशांच्या वाढीला शरीराचा खर्च साधारण दुप्पट होतो. अशा कात्रीत सापडलेल्या प्राण्याला वाचवतो तो प्रवाह. कल्ल्याच्या धाग्याला चिकटून थांबलेल्या पाण्याचा एक पातळ थर असतो. त्यातला ऑक्सिजन संपला की बाजूला कितीही असला तरी तो या थरातून सावकाशच झिरपत येणार. वाहतं पाणी तो थर पातळ करतं आणि सतत नवं पाणी पुढ्यात आणून ठेवतं. म्हणून २४-२५ अंशांच्या खळाळात निओपर्ला सुखाने राहते आणि चार हातांवरच्या, त्याच तापमानाच्या, संथ डोहात सापडत नाही.

हे ट्रेमध्ये प्रत्यक्ष दिसतं. पांढऱ्या ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर पाणी घेऊन निम्फ सोडली की सुरुवातीला ती कोपरा शोधते आणि गप्प बसते. पाणी स्थिर आहे, वर ऊन लागतंय. थोड्या वेळाने ती पाय रोवून अंग वर-खाली करू लागते. एक, दोन, तीन, मग थोडं थांबून पुन्हा. आखाड्यात जोर काढावेत तसे. पाणी तिच्याकडे येत नाही, म्हणून तीच कल्ले पाण्यातून हलवत असते. पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण ही धाप आहे. जोरांचा वेग वाढला की ट्रेमधलं पाणी बदलायचं किंवा निम्फ ओढ्यात सोडायची. ट्रे पहिल्यापासून सावलीत ठेवला तर ही वेळ उशिरा येते.

तिच्या रक्ताचीही एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक कीटकांत ऑक्सिजन श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत जातो, रक्ताला ते काम नसतं. २००४ मध्ये पर्ला मार्जिनाटा या युरोपातल्या स्टोनफ्लायच्या रक्तात हिमोसायनिन सापडलं. खेकडा-कोळंबीच्या रक्तात असतं ते तांब्याचं, ऑक्सिजन धरल्यावर निळं होणारं प्रथिन. कीटकांच्या पूर्वजांकडे असलेली ही जुनी सोय या घराण्याने मोडीत काढलेली नाही.

आता घर. निम्फला दगड लागतो असं आपण म्हणतो, पण खरी लागते ती दगडाखालची फट. गोटा गोट्यावर टेकलेला, मध्ये बोटभर पोकळी, त्यातून पाणी खेळतंय, कडेला अडकलेलं एखादं जांभळाचं कुजकं पान आणि त्या पानाच्या आडोशाला मेफ्लायची, ब्लॅकफ्लाय या चावऱ्या बारीक माशीची आणि कायरोनोमिड या डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची पिल्लं. पर्लिड शिकारी असतात. अंड्यातून निघालेलं पोर आधी शेवाळाचे कण आणि कुजका गाळ खातं, मोठं झालं की बाकीच्या किड्यांवर ताव मारतं. शिकार बहुतेक रात्री, मिशांनी चाचपत. थंड प्रदेशातल्या स्टोनफ्लायची बरीच कुळं कुजकी पानं कुरतडून जगतात. आपल्याकडे या गणात शिकाऱ्यांचाच वरचष्मा.

फट भरली की घर गेलं. वर कुठे रस्ता रुंद करायला डोंगर कापला, उतारावर जेसीबी फिरला, की पहिल्याच पावसात बारीक माती ओढ्यात उतरते. हिवाळ्यात पाणी पुन्हा नितळ होतं, पण माती गोट्यांच्या फटींत बसलेली असते. तपासायला उपकरण लागत नाही. गोटा उचलताना हाताला कळतं. चांगल्या तळातला गोटा अलगद सुटतो, खाली खडी दिसते आणि मोकळा खड्डा राहतो. गाळात रुतलेला गोटा चिखलातून पाय काढताना येतो तसा आवाज करत निघतो आणि त्याच्या अंगावर कुठवर रुतला होता त्याची रेघ असते. निम्म्याच्या वर रुतलेले गोटे जास्त भरले तर तिथे स्टोनफ्लाय शोधण्यात अर्थ नाही. खालची बाजू काळी पडलेली आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तिथला ऑक्सिजन केव्हाच संपलेला आहे. वरून पाणी काचेसारखं असलं तरीही.

फटींचं हे जग किती खोल जाऊ शकतं याचा नमुना अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सापडला. फ्लॅटहेड नदीच्या पूरमैदानात खोदलेल्या विहिरींच्या पाण्यात स्टोनफ्लायच्या निम्फ निघाल्या, नदीपासून दोन किलोमीटरपर्यंत लांब. जमिनीखालच्या गोट्या-खडीतून नदी आडवी वाहत होती आणि हे किडे त्या अंधारातून फिरत होते. आपल्या कातळी ओढ्यांत एवढं मोठं भुयारी मैदान नसतं. पण नदी म्हणजे दिसणारं पाणी, ही समजूत सोडून द्यायला ते उदाहरण पुरेसं आहे.

नमुना घेताना लोक घाई करतात आणि तिथेच बिघडतं. साधारण ३० सेंटिमीटर रुंद चौकटीची, ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर छिद्राची जाळी घ्यावी. जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून ती तळाला टेकवावी. आपण जाळीच्या वरच्या अंगाला उभं राहून पायाने गोटे ढवळावेत, म्हणजे सुटलेले किडे वाहत जाळीत येतात. तीन वेगवेगळ्या खळाळांत एकेक मिनिट. चालायचं नेहमी खालून वर. वरून खाली आलात तर आपल्याच पायांनी उठलेला गाळ पुढच्या जागेवर जातो आणि किडे आधीच वाहून जातात. मोठे गोटे ढवळून भागत नाही, ते जाळीपुढे उचलून हाताने चोळावे लागतात, कारण स्टोनफ्लाय घट्ट धरून बसते. आणि उचललेला गोटा होता तसा, होत्या त्या बाजूने परत ठेवायचा. उलटा ठेवलेला गोटा म्हणजे छप्पर उडालेलं घर, आणि आधी वरच्या बाजूला असलेलं शेवाळ खाली अंधारात जातं ते वेगळंच. मी तर या एका सवयीवरून माणूस ओढ्यावर काम केलेला आहे की नाही ते ओळखतो.

जिवंत निम्फ मेफ्लायबरोबर एका बाटलीत ठेवू नये, घरी पोचेपर्यंत मेफ्लाय उरत नाही. नमुना जपायचाच असेल तर ७० ते ८० टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ टक्के. ओल्या किड्यांच्या अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. हे विसरलं की आठवड्याभरात पाय गळलेले, काळे पडलेले किडे हाती येतात. चिठ्ठी बाटलीच्या आत आणि पेन्सिलीने लिहिलेली हवी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कुठल्या ओढ्याचा कोण, ते देव जाणे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय यातलं काहीच करू नये. नुसतं पाहायचं तर गोटा, भिंग आणि ट्रे एवढं बास.

आणि निम्फवरून जात सांगायच्या फंदात पडू नये. निओपर्लाच्या जाती ठरतात त्या नराच्या लिंगाच्या बाहेर काढलेल्या भागावरून आणि अंड्याच्या कवचावरच्या नक्षीवरून. नर तसाच अल्कोहोलमध्ये टाकला तर तो भाग आतच राहतो आणि नंतर फार खटाटोप करावा लागतो. प्रौढ निओपर्ला ओळखण्याची एक सोपी खूण मात्र आहे. दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये डोक्यावर बारीक साधे डोळे असतात, पर्लिडी कुळात बहुधा तीन, निओपर्लाला दोन.

प्रौढ व्हायची वेळ आली की निम्फ रात्री पाण्याबाहेर येते. त्याआधी तिने अनेक वेळा कात टाकलेली असते. मोठ्या धोंड्यावर किंवा काठच्या बुंध्यावर हात-दोन हात चढते, नखं रोवते आणि पाठीवर उभी चीर पडते. कोष नाही, मधली झोप नाही. चिरेतून पांढुरका, मऊ किडा बाहेर येतो, पंख ताणतो, रंग धरतो आणि झुडपात जातो. सकाळी धोंड्यावर रिकामी कात तेवढी उरते, मिशा-शेपट्यांसकट. तिच्या छातीच्या खालच्या बाजूला वाळलेल्या कल्ल्यांचे धागेही दिसतात. काता मोजणं हा ओढ्याला हात न लावता गणती करायचा उत्तम मार्ग आहे. पाऊस पडला की त्या धुऊन जातात, म्हणून सलग कोरड्या दिवसांत सकाळी लवकर जायचं.

बाहेरचं आयुष्य काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. पर्लिडांचे प्रौढ बहुतेक खात नाहीत, पाण्यावर भागवतात. त्यात जोडीदार शोधायचा. उत्तर गोलार्धातल्या अनेक जातींचे नर त्यासाठी पोट फांदीवर आपटून ठेका धरतात. तो हवेतून जाणारा आवाज नसतो, फांदीतून जाणारी थरथर असते. मादी आपल्या ठेक्याने उत्तर देते, नर पुन्हा विचारतो, असा सवाल-जवाब रंगत ते एकमेकांपर्यंत पोचतात. दर जातीचा ठेका वेगळा. उडण्यात मात्र ही मंडळी यथातथाच. काही जाती पंख फडफडवत पाण्यावरून नुसत्या घसरत जातात. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी त्यावरून अशी मांडणी केली की कीटकांचं उडणंच कदाचित अशा घसरण्यातून सुरू झालं असावं. त्यावर वाद आहेत आणि मला ते वाद योग्यच वाटतात. मादी शेकडो अंड्यांचा लगदा पोटाच्या टोकाशी घेऊन पाण्याला टेकते. अंडी सुटी होऊन बुडतात आणि चिकट बुडाने गोट्यांना धरतात.

उडणं कच्चं असण्याची किंमत संकटानंतर कळते. ओढ्यात विषप्रयोग करून मासे धरण्याची रीत जुनी आहे, पूर्वी रामेठ्याचा पाला कुटून टाकत. आता ब्लीचिंग पावडर टाकतात. मासे तरंगतात, गोळा होतात, लोक निघून जातात. क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून, वाहून जातो. तिसऱ्या दिवशी कुणी बाटली भरून तपासायला नेली तर सगळं ठीक निघतं. ऑक्सिजनही दुपारी मोजला तर भरपूर, कारण शेवाळ उन्हात तो सोडत असतं. तो मोजायचा तर उजाडायच्या आत, रात्रभर सगळ्यांनी श्वास घेऊन झाल्यावर. बाटली त्या क्षणाचं बोलते. मागच्या कित्येक महिन्यांत एकदाही घात झाला नाही हे सांगणारी वही दगडाखाली असते.

पाण्यातल्या किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवणाऱ्या, ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी या गुणपद्धतीत पर्लिडी कुळाला १० पैकी १० आणि कायरोनोमिडांना २ गुण देतात ते यामुळेच. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकषही याच वळणाचे आहेत. पण गुण लावताना डोकं वापरावं. मार्चमध्ये आटणारा ओढा, वाळूचा तळ किंवा नुसता कातळ असेल तर स्टोनफ्लाय नसणं हा प्रदूषणाचा पुरावा होत नाही. असणं जितकं खात्रीचं, तितकं नसणं नाही.

घात झालेल्या ओढ्यात परतण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी कायरोनोमिड आणि ब्लॅकफ्लाय, दोन-चार आठवड्यांत. मागोमाग चपळ, लहान मेफ्लाय. स्टोनफ्लाय सगळ्यांत शेवटी आणि तीही वरच्या अंगाला एखादी जिवंत धार उरली असेल तर. देवराईतल्या झऱ्यापासून निघालेली, कुणी हात न लावलेली अशी धार असली की पिल्लं तिथून वाहत खाली येतात. डोंगर ओलांडून शेजारच्या ओढ्यातून उडत येण्याची आशा फार धरू नये.

म्हणून नुसतं ‘सापडली’ असं लिहू नये, लांबीही लिहावी. उष्ण मुलखात पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे सुदृढ ओढ्यात एकाच दिवशी तीन मिलिमीटरची, आठची आणि पंखांच्या फुगलेल्या खोळी पाठीवर वागवणारी पंधराची अशा सगळ्या निम्फ मिळायला हव्यात. दहा-बारा गोटे उलटून नुसत्या तीन-चार मिलिमीटरच्याच मिळाल्या, तर वरून पोरं येताहेत पण इथे मोठं कुणी उरलेलं नाही. मग तारीख, जागा, लांबी लिहून गोटे जागच्या जागी ठेवायचे आणि तीन महिन्यांनी त्याच खळाळात येऊन तीच पोरं आठ मिलिमीटरची झालीत का ते पाहायचं.